शेंडीआबांच्या गाठी

आबांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, तरी सगळं गाव त्यांना शेंडीआबा म्हणायचं. नव्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्या म्हाताऱ्याची थट्टा चालली आहे. थट्टा होतीच, पण त्यांच्या डोक्याची नव्हती. आबा गवताला शेंड्या बांधायचे. माळावर गवत कापता कापता मध्येच थांबायचे, विळा पाठीशी कमरेला खोचायचे आणि वीतभर जागेतल्या गवताचे शेंडे एकत्र ओढून त्यांची घट्ट गाठ मारायचे. त्या गाठीभोवती हातभर जागेत कुणी विळा घालायचा नाही, हा त्यांचा नियम. कापणी संपली की आमचा पिवळा माळ सपाट व्हायचा आणि त्यावर दोन-चार झुलपं तेवढी उभी राहायची. अर्धवट जावळ काढलेल्या पोरासारखा दिसायचा तो. गावातले रिकामटेकडे विचारायचे, "काय आबा, औंदा माळाची मुंज लावली वाटतं?" आबा म्हणायचे, "व्हय की. जेवायला ये, आहेर घिऊन ये."

माळ आमचा, म्हणजे माझ्या सासरचा. तिकोणा पेठ मागे टाकून धरणाच्या पाण्याकडे निघालं की उजव्या हाताला उतरत जातो तो. खाली भाताची खाचरं, वर डोंगराच्या कुशीत ठाकरवाडी. आबा त्या वाडीतले. दसरा झाला की वाडीतल्या आठ-दहा बायका-गड्यांना घेऊन ते खाली यायचे आणि चार-पाच दिवसांत माळ मोकळा करून द्यायचे. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून हे चालू होतं. कधी बोलावणं धाडावं लागलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवावं आणि आबांनी पडवीतून खाकरावं, असा तो मामला होता.

माझी आणि त्यांची पहिली भेट भांडणानं झाली. मी सुदुंबऱ्याची. आमच्याकडे सपाट रान, ऊस, भाजीपाला, आणि पलीकडे कंपन्यांच्या भिंती. डोंगराचं गवत मी लग्नानंतर पाहिलं. नवी नवरी मोठ्या हौसेनं जेवणाची पाटी घेऊन माळावर गेले तर वाटेत गवताला गाठ. लहानपणी आमच्याकडची व्रात्य कार्टी लोकांना पाडायला अशाच गाठी मारून ठेवायची. मी पाटी खाली ठेवली आणि शहाणपणानं गाठ सोडून टाकली. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "सूनबाई, कुनाच्या दाराची कडी काढतीस गं?"

मला राग आला. नवऱ्याच्या शेतात मजुरानं येऊन आपल्याला बोलावं, एवढंच तेव्हा डोक्यात शिरलं. मी काहीतरी फटकन बोलले. आबा मुळीच रागावले नाहीत. माझ्या शेजारी बसले, सुटलेलं गवत पुन्हा मुठीत गोळा केलं आणि मला म्हणाले, "धर. तूच सोडलीस, तूच बांद." मी गाठ मारताना त्यांनी हनुवटीनं खाली दाखवलं. गवताच्या चार काड्यांना धरून, गवताच्याच चिरलेल्या धाग्यांनी विणलेली एक लांबट पिशवी होती. इवलीशी, माझ्या मुठीत मावेल एवढी. वरच्या अंगाला दार. आत निळसर अंडी, त्यांवर तपकिरी रेघोट्या. असं काही माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर असू शकतं हे मला वीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला.

ते बोट कधी दाखवायचे नाहीत. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, असं आपल्याकडे म्हणतात. आबांनी तो नियम घरट्यालाही लावून टाकला होता. हनुवटी नाहीतर कोपर. एकदा माझ्या धाकट्या मुलीनं नेमकं बोट पुढे केलं, तर आबांनी तिला ते दातांखाली धरायला लावलं. "आता न्हाई कुजायचं," म्हणाले.

तो पक्षी म्हणजे वटवट्या. पुस्तकात असं नाव आहे म्हणे. आबा त्याला नुसतं 'बारकी' म्हणायचे. बारकी म्हणजे खरंच बारकी, चिमणीहून लहान, मातकट रंगाची, पोटाशी पांढुरकी. शरीराहून शेपटी मोठी, आणि ती सदा उभी. या काडीवरून त्या काडीवर, बांधावरून खाचरात, खाचरातून पुन्हा माळात. दिवसभर टिवटिव आणि दिवसभर अळ्या, टोळ, नाकतोडे वेचणं. दिसायला काही रूप नाही, गाणं म्हणावं तर एकच सूर. आमचे हे म्हणायचे, "आबा, तुम्ही जपताय खरं, पण हा काय बिबट्या आहे का? गल्लोगल्ली असतो हा पक्षी. आमच्या कंपनीच्या गेटजवळच्या झुडपातसुद्धा आहे."

"सगळीकडं हाय म्हून तर कुनी बगत न्हाई," आबा म्हणाले.

घरटं शोधायची त्यांची रीत फार सुंदर होती. गवतात घुसून चाचपडणं नाही. कापायला लागण्याआधी माळाच्या कडेला उभे राहायचे, तीनदा टाळी वाजवायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "कोन हाय का घरात?" मग बिडी पेटवून निवांत बसायचे. बायका हसायच्या. पण त्या बसण्यात त्यांचं सगळं काम चाललेलं असायचं. मला म्हणाले, "मोकळ्या तोंडानं वरडती तिच्याकडं ध्यान देऊ नगं, ती नुसती भांडखोर. तोंडात किडा धरून जी इकडून तिकडं करती, खाली उतरत न्हाई, तिचं घर तितंच हाय. आपन बगतोय म्हून ती जात न्हाई." त्यानंतर मीही कडेला बसून पाहायला शिकले. आबांना एका बिडीत जे दिसायचं त्याला मला अर्धा दिवस लागायचा, तरी दिसायचं.

दुसरा नियम, दसऱ्याआधी माळाला लोखंड लावायचं नाही. गवत पिकलं पाहिजे, बी जमिनीवर पडलं पाहिजे, बारक्यांची पिल्लं उडाली पाहिजेत. दसऱ्यालाही एखाददुसरं उशिरा मांडलेलं घर सापडायचंच, त्याच्यासाठी शेंडी. यात आबांना पक्षिप्रेम वगैरे काही वाटत नव्हतं. एकदा मी तो शब्द वापरला तर म्हणाले, "पिरेम कसलं? खाली भात कुनाचं हाय? तुजंच न्हवं? अळी कोन खातंय, तू का मी?"

रविवारी पुण्याहून गळ्यात मोठमोठी नळकांडी अडकवून फोटोवाले यायचे. गोड बोलायचे, बाबा म्हणायचे, वटवट्याचं घरटं कुठे दिसेल ते विचारायचे. आबा त्यांना अगत्यानं पलीकडच्या टेकाडावर धाडायचे. बिचारे उन्हातान्हात चढून जायचे. मी म्हटलं, "आबा, चक्क खोटं बोललात!" तर म्हणाले, "खोटं कशाला? तितं बी हायती की. पर हितली हितं ऱ्हाऊ दे, त्यास्नी तरास नगं." तेव्हा मी खूप हसले होते. दुसऱ्याला त्रास होणार असेल तर आबा खरं-खोटं असं फिरवून ठेवत, हे मी त्याच वेळी लक्षात ठेवायला हवं होतं.

आता मला माझी एक खोड सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. मला नाही म्हणता येत नाही. समोरच्याला हो म्हणताना जे बरं वाटतं त्याची मला चटक आहे. माहेरी आई म्हणायची, "ही पोर सगळ्या वऱ्हाडाला एकाच पाटावर बसवील." कामशेतला एका दवाखान्यात मी नाव नोंदवून घ्यायला बसते. तिथेही तेच, सगळ्यांनाच सांगते की तुमचा नंबर आता येईल.

पाच-सहा वर्षांपूर्वी धरणाच्या कडेनं तंबू आले. आधी दोन, मग दहा, मग ओळीच्या ओळी. पुण्या-मुंबईची मंडळी शनिवार-रविवार येऊन राहतात, शेकोटी करतात, गाणी लावतात. ह्यांची कंपनीतली नोकरी तेव्हा डळमळीत झाली होती. आम्हीही माळ तंबूवाल्याला दिला. गावात सगळ्यांनीच दिले आणि त्याबद्दल मला स्वतःला दोष द्यायचा नाही. तंबूवाला माणूस चांगला होता. "ताई, तुमच्या सोयीनं घेऊ," असं पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

गणपती उठले आणि आबा खाली आले. कापणीला अजून अवकाश होता. पडवीत बसले, पण चहा घेईनात. "तंबू येनार म्हनं," म्हणाले. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "सूनबाई, औंदा पाऊस लांबला. बारक्यांनी दुसऱ्यांदा घरं मांडल्यात. मी फिरून आलो, नऊ शेंड्या बांदल्यात. दसऱ्यापत्तुर माळाला लोखंड लावू नगं. फुडं तुजा माळ, तू काय बी कर."

इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे काही म्हणता काही मागितलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही लावणार आबा. शब्द देते." आणि खरंच सांगते, त्या क्षणी तो मनापासून दिला होता. आबांनी मग चहा घेतला.

त्याच आठवड्यात तंबूवाल्याचा फोन आला. "ताई, शनिवारी एक ग्रुप यायचं म्हणतोय. थोडी जागा साफ करून घेऊ का?" मी म्हणाले, "घ्या ना." थोडी म्हणजे रस्त्याकडची, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्याला सांगितलं मात्र नाही. दसऱ्यापर्यंत थांबा म्हटलं असतं तर तो थांबला असता, आजही मला याची खात्री आहे. पण त्यासाठी तोंडातून नाही हा शब्द काढावा लागला असता.

गुरुवारी मी दवाखान्यात असताना मशीनवाल्याचा फोन आला. तंबूवाल्यानं धाडलेले, घोरावाडी स्टेशनजवळ राहणारे दोघं गडी गवत कापायची मशीनं घेऊन आले होते. त्यातला एक घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हितं गवताला गाठी मारल्यात. आठ-नऊ तरी हायती. कुनाचा नवस हाय का? का करनी-बिरनी हाय? आमी न्हाई हात लावनार."

समोर रांग लागलेली. एक बाई तिची फाईल माझ्या हातात कोंबत होती, आतून डॉक्टर हाक मारत होते. मला हसू आलं. मी म्हणाले, "अहो, करणी कसली घेऊन बसलात! आमच्या आबांची सवय आहे ती. घाबरण्यासारखं काही नाही त्यात."

"मंग कापू ना?"

त्यांनी विचारलं आणि मी थांबले. थांबले हे मला नीट आठवतं. नऊ शेंड्या, दसरा, दिलेला शब्द, सगळं त्या एका श्वासात आठवलं. बाईनं फाईल पुन्हा पुढे केली. मी म्हणाले, "कापा."

'हो, करणी आहे' असं म्हटलं असतं तरी ते दोघं मशीनं टाकून पळाले असते. काहीच न बोलता फोन ठेवला असता तरी गाठी उभ्या राहिल्या असत्या, कारण त्यांची भीती पुरेशी होती. अंधश्रद्धेविरुद्ध बोलायला मला नेमका तोच दिवस सापडला.

संध्याकाळी स्कूटीवरून आले तेव्हा लांबूनच माळ दिसला. कोवळं हिरवं गवत आडवं पडलं होतं आणि त्याचा ओला वास रस्त्यापर्यंत आला होता. मशीनवाले निघून गेले होते. आबा बांधावर बसलेले होते. माळावर बारक्या उडत होत्या, पाच-सहा तरी. बसायला काडी नव्हती, म्हणून दगडावर टेकत होत्या आणि लगेच उठत होत्या. त्यातल्या एकीच्या तोंडात अळी होती. ती घेऊन ती पुन्हा पुन्हा एकाच जागेवर येत होती.

मी आबांजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "सूनबाई, गाठी दिसल्या न्हाईत का गं त्यास्नी?"

आणि मी म्हणाले, "नसतील दिसल्या, आबा."

"व्हय," आबा म्हणाले. "मशीनवाल्याला काय दिसतंय." गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि वाडीच्या वाटेला लागले. मी बराच वेळ तिथे उभी होते. वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. निभावलं एकदाचं, असं.

पुढच्या दसऱ्याला पडवीत कुणी खाकरलं नाही. तंबूंच्या वरच्या अंगाला एक पट्टा कापायचा होता, म्हणून मी निरोप पाठवला. त्यांची सून आली. म्हणाली, "आबांचं गुडगं धरल्यात." त्याच आठवड्यात मी त्यांना पलीकडच्या टेकाडावर पाहिलं, डोक्यावर गवताचा भारा घेऊन तरण्यासारखे चढत होते. मला कळलं आणि मी ते कळू दिलं नाही. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे एखाद्या दिवशी बरे असू शकतात, असं स्वतःला सांगितलं.

त्यानंतरच्या वर्षी तोच घोरावाडीचा गडी पुन्हा मशीन घेऊन आला. मला ओळखून हसला आणि बोलता बोलता सहज म्हणाला, "ते म्हातारबाबा न्हाई दिसले कुटं? त्या वक्ताला आमी निघता निघता आल्ते. गाठी का कापल्या इचारलं. आमी म्हनलं, बाबा, मॅडमला फोन लावून, इचारूनच मशीन लावलं. ते म्हनलं, बरं. आमाला पानी दिलं त्यांनी."

म्हणजे आबांनी मला विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. सगळं माहीत असताना त्यांनी विचारलं होतं. मला बोलायला जागा करून दिली होती, आणि मी तिथे खोटं ठेवलं.

वाडी आमच्या अंगणातून दिसते. चढायला पाऊण तास लागतो. मी रोज ठरवत होते की या रविवारी जायचं. एका रविवारी पाहुणे आले, एका रविवारी पाऊस होता, मग मुलीची परीक्षा आली. खरं कारण यातलं एकही नव्हतं. वर जाऊन काय म्हणायचं ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं, 'आबा, मीच सांगितलं होतं कापायला.' एवढंच. नऊ महिने ते मी तोंडात घेऊन हिंडले. मग एका सकाळी वाडीतून निरोप आला की आबा रात्री झोपेतच गेले.

दहाव्याला गेले. वाट ओळखीची नसल्यासारखी चढले. वाडीत माणसं जमली होती, आबांच्या बायकोभोवती, म्हणजे मावशींभोवती, बायका बसल्या होत्या. मला वाटलं होतं, मला पाहून कुजबुज होईल, निदान कुणीतरी तोंड फिरवेल. त्याची मी तयारी करून गेले होते, आणि खरं म्हणजे मला ते हवंच होतं. मावशी मात्र उठून उभ्या राहिल्या. माझा हात धरून मला आपल्याजवळ बसवलं आणि पाहुण्या बायकांना सांगू लागल्या, "ही आमची माळावरची सूनबाई. ह्यांचा लय जीव हिच्यावर. त्या साली माळ कापला न्हवं का मशीनवाल्यांनी, हिला न इचारताच कापला. हिला ठावंबी न्हवतं. सांजच्याला आली आन् माळ बगून लय रडली म्हनं. आमच्या वाडीतली काही मानसं वंगाळ बोलाया लागली, तर ह्ये कावलं त्यांच्यावर. म्हनलं, पोरगी माज्याम्होरं बांधावर बसून रडलीया, तिला कुनी बोल लावू नगा."

त्या संध्याकाळी मी रडले नव्हते. डोळ्यांत टिपूसही आलं नव्हतं. जे रडू मला यायला हवं होतं ते आबांनी माझ्या नावावर सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं, आणि वाडीनं त्यावर विश्वास ठेवला होता.

नऊ महिने जपलेलं वाक्य जिभेवर होतं. ऐकायला आबा नव्हते, पण मावशी होत्या, सगळी वाडी होती. सगळ्याजणी माझ्याकडे मायेनं पाहत होत्या. मावशींनी माझा हात दाबला आणि विचारलं, "व्हय न्हवं गं?"

"हो मावशी," मी म्हणाले. "फार रडले होते."